पाच लिटरला दोनशे मिली

धाकट्या भावाशी अबोला सुरू झाला तेव्हा आम्ही सगळं वाटून घेतलं. बैलजोडी त्याच्याकडे गेली, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले, गोठ्यात मधोमध बांबूचा तट्ट्या उभा राहिला. राहिलं फक्त गवत कापायचं मशीन. ते दोघांनी मिळून घेतलेलं होतं आणि त्याचे दोन भाग होत नव्हते. म्हणून ते गोठ्याच्या दाराशी खुंटीलाच राहिलं. त्याच्याखाली पेट्रोलची पाच लिटरची लाल कॅन.

भांडण दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीचं होतं. त्याने ती मला न विचारता तोडली, मी त्याला चार लोकांत बोललो. त्यानंतर नऊ महिने आम्ही बोललो नाही. आमच्या बायका बोलायच्या. त्यांचं आधीपेक्षा बरं जमायला लागलं होतं.

मशीन टू-स्ट्रोक. अशा इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळावं लागतं. आमच्या मशीनला पंचवीस भाग पेट्रोल, एक भाग तेल. लिटरला चाळीस मिली, पाच लिटरच्या कॅनला दोनशे. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. गुणोत्तराचा धडा तर पुस्तक न उघडता शिकवायचो. त्यामुळे मापात चूक होणार नव्हती आणि झालीही नाही. पण तेल टाकलं की नाही, हे एकाने दुसऱ्याला सांगावं लागतं.

कपाशीतल्या पहिल्या तणाच्या वेळी त्याने कॅन भरून आणली, तेल टाकलं आणि जागेवर ठेवली. दुपारी मला भरलेली कॅन दिसली. मी मापून दोनशे मिली टाकलं आणि कॅन चांगली हलवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या वावरातून इतका धूर निघाला की शेजारचा शेतकरी पाण्याची बादली घेऊन धावत आला. थोड्या वेळाने प्लग काळा पडला आणि मशीन बंद.

संध्याकाळी बायको निरोप घेऊन आली. "भावजी विचारून राह्यले, तेल दुसऱ्यांदा कोनं टाकलं?"

"त्याले सांग, पह्यल्यांदा टाकलं हे मले कोनी सांगतलं नव्हतं."

ती गेली आणि तिकडेच चहा पिऊन तासाभराने आली. उत्तर आणायचं विसरली होती.

या प्रकारातून दोघंही शिकलो, आणि त्यानेच घात झाला. पुढच्या वेळी त्याने कॅन भरली आणि तेल माझ्यावर सोडलं. त्याने टाकलंच असेल म्हणून मी हात लावला नाही. मशीन मी चालवत होतो. वीस मिनिटं छान चाललं, नेहमीपेक्षा हलकंच वाटलं. मग आवाज चिरका झाला आणि एकदम थांबला. सुरू करायची दोरी ओढली तर जागची हलेना. मी तुरीच्या ओळीत खाली बसलो.

सकाळी मशीन आणि कॅन मोटरसायकलला बांधून पुसदला निघालो. महागावच्या पुढे आरशात पाहिलं तर मागे धाकटा. अर्धं मशीन त्याचं होतं, त्यामुळे मला काही म्हणता येत नव्हतं. पुसदपर्यंत त्याने मला ओव्हरटेक केलं नाही.

मेकॅनिक म्हातारे चाचा होते, जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर उमर गेलेली. त्यांनी इंजिन उघडलं आणि पिस्टन माझ्या हातात दिला. त्याच्यावर उभे ओरखडे होते, नख अडकेल एवढे खोल.

"याले तेल भेटलंच नाही. तेल कोन टाकते?"

"आम्ही," मी म्हणालो.

"आम्ही म्हंजे कोन?"

चाचांनी एकदा मला पाहिलं, एकदा त्याला. मग पिस्टन माझ्या हातातून परत घेतला.

नवा पिस्टन आणि सिलिंडर बसेपर्यंत दुपार झाली. मग चाचांनी आमचीच कॅन पुढे ठेवली. जुनं पेट्रोल काढून नवं पाच लिटर भरलं, आणि तेलाची बाटली अन् माप धाकट्याच्या हातात दिलं.

"टाका आता. माझ्यासमोर."

त्याला माप पाठ होतं. भांडणाआधी इतकी वर्षं तोच तर टाकत होता. तरी तो बाटली धरून उभा राहिला आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "भाऊ, पाच लिटरले किती?"

मी म्हणालो, "दोनशे मिली."

त्याने ओतलं. मी झाकण लावून कॅन हलवली. चाचांनी दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला मशीन सुरू झालं, थोडासा निळा धूर आला आणि गेला.

"अस्सं," चाचा म्हणाले. "टाकलं का 'टाकलं' म्हणून सांगाचं. एवढंच हाये याच्यात."

परत येताना मशीन त्याच्या गाडीला बांधलं. महागावच्या अलीकडे तो एका टपरीवर थांबला, म्हणून मीही थांबलो. बाकावर मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलो. बाभळीचं कोणीच काढलं नाही. त्याने कपाशीचं विचारलं, मी बरी आहे म्हणालो.

टपरीवाल्याला तो म्हणाला, "दोन चहा. एक बिनसाखरेचा."

मला शुगर निघाली ती मधल्या नऊ महिन्यांत. मी त्याला ते कधी सांगितलं नव्हतं. चहा आला, त्याने बिनसाखरेचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी घेतला. चहा अगदीच बेचव होता.