तीन हात फिल्म

"हितं जोड हाय," म्हणत ते माझ्या टीव्हीवर बोट टेकवायचे आणि काचेवर ठसा ठेवून जायचे. भोरच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग जुळवत बसलो की हे गृहस्थ बाकावर हजर. घोड्यावरून उतरता उतरता नवरदेव एकदम मांडवात दिसला, की यांचं बोट पुढं. "जोड दिसाय न्हाई पायजे, भाऊ. दिसला तर ऑपरेटर कसला?" माझ्या तीस वर्षांच्या धंद्याची अशी रोज बिनपाण्यानं हजामत व्हायची, आणि वर चहाही मीच पाजायचा.

सगळं गाव त्यांना ऑपरेटर म्हणायचं. तरुणपणी ते तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवत. पानशेतपासून वरंध घाटापर्यंत जिथं जत्रा तिथं यांचा तंबू. फिल्म तुटली की ब्लेडनं कड खरवडायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून दाबून धरायची आणि शिट्ट्या वाढायच्या आत मशीन सुरू. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, धंदा सुटून जमाना झाला तरी ज्याच्या बोटांना ते पटत नाही. चहा पितानासुद्धा ऑपरेटरांचं नख कपाची कड खरवडत असायचं.

मालकानं तंबू गुंडाळला तेव्हा अडगळीतले पाच डबे नदीत टाकायला काढले होते. मूकपटाचे. बोलपट येण्याच्या थोडा आधीचा सिनेमा. फिल्म आकसलेली, मशीनवर चढायची नाही, आणि ठिणगी पडली तर भडकायची भीती. यांनी ते डबे मागून घेतले आणि कंडक्टरला तूप आहे म्हणून सांगत एसटीनं हिर्डोशीला मावशीच्या घरी नेले. तिथली हवा थंड. दर दसऱ्याला लोक अवजारं पुजतात, हे हिर्डोशीला जाऊन डबे उघडायचे, सगळी फिल्म सुती फडक्यातून फिरवून पुन्हा गुंडाळायचे आणि झाकणांना कुंकू लावायचे. एवढा उपद्व्याप कशासाठी, ते काही सांगत नसत.

दोनेक वर्षांपूर्वी भोरचे जुने फोटो शोधत पुण्याहून एक बाई माझ्याकडे आल्या. जुने सिनेमे जपणं हेच त्यांचं काम. मी सहज डब्यांचं बोललो. दुसऱ्या दिवशी बाई हिर्डोशीत! ऑपरेटरांनी थोडे आढेवेढे घेतले, पण डबे दिले. काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. हा सिनेमा कायमचा गेला म्हणून सगळ्यांनी आशा सोडली होती, पुस्तकांत नुसतं नाव उरलं होतं. आणि हे दसऱ्याचे डबे बघा, जवळजवळ जसेच्या तसे! फक्त एका ठिकाणी, म्हणाल्या, नदीच्या घाटावर नायिका वरच्या पायरीवरून एकदम पाण्याशी पोचते. जोड इतका सफाईदार, की चौथ्यांदा बघताना लक्षात आला. मधला तुकडा कुणी कापला?

मी ऑपरेटरांना विचारलं. "मालकानं कापला असंल," ते म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले. आठ दिवस फिरकले नाहीत.

नवव्या दिवशी आले ते गावाला निघाल्यासारखे टोपी घालून. खिशातून तपकिरीची डबी काढली. आत तीन हात लांबीची फिल्म गुंडाळलेली. मी भिंगातून पाहिलं. घाटाच्या पायऱ्यांवर नायिकेच्या मागं तेरा-चौदा वर्षांची एक पोरगी, काखेत कळशी, पदर तोंडाला दाबलेला, डोळे गच्च मिटलेले.

"आई हाय माजी," ते म्हणाले.

ती गेली तेव्हा हे चार महिन्यांचे. तिचा फोटो एकही नाही. तिच्या लहानपणी भोरात सिनेमाचं शूटिंग झालं, घाटावर ज्या पोरी उभ्या केल्या त्यात ती होती, एवढं मावशी सांगायची. मालकाच्या डब्यात भोरचा घाट दिसला तसे हे मावशीकडे धावले. मावशीनं फिल्म उजेडाला धरून बहीण ओळखली. त्याच दिवशी यांनी तेवढा तुकडा कापून घेतला आणि कुणाला कळू नये म्हणून जन्मातला सगळ्यात चांगला जोड दिला. बिडीही त्याच दिवशी सोडली, न जाणो, खिशात पेटेल. तेव्हापासून रोज सकाळी खिडकीशी उभे राहून ते तिला बघत. रडणारी का होईना, आई होती.

आता तो तुकडा दिला तर परत मिळणार नव्हता. असली फिल्म घरात ठेवणं धोक्याचं, ती पुण्याच्या थंड कोठीत राहणार. मला राहवलं नाही. म्हटलं, ऑपरेटर, नका देऊ, कोण विचारतंय तुम्हाला?

त्यांनी डबी माझ्या हातात कोंबली. "चोरीचा जोड हाय त्यो, भाऊ. आन् म्या तिला चालताना कवा बघितलीच न्हाई."

पुढच्या वर्षी एका दुपारी भोरच्या कॉलेजात तो सिनेमा दाखवला. कॉलेजची पोरं टिंगल करायला बसली होती, ती दहा मिनिटांत गप्प झाली. पडद्यावर एक अक्षर कुणी बोलत नव्हतं आणि सगळं कळत होतं. मग घाट आला. नायिका पायऱ्या उतरायला लागली, तिचा पाय जरासा घसरला आणि मागून कळशी घेऊन येणाऱ्या पोरीनं पदर तोंडाला दाबला. खांदे गदगदले, डोळे मिटले. हसू आवरेना तिला! चार सेकंद असतील नसतील.

ऑपरेटरांनी माझं मनगट गच्च धरलं.

"हसती वो ती," ते म्हणाले. "आन् म्या जलमभर समजलो, रडती."

सिनेमा संपल्यावर मी म्हटलं, बाईंकडून फ्रेम मागवतो, मोठा फोटो करून देतो. त्यांनी मान हलवली. "नगं. थांबवली की ती रडती."

या थंडीत ऑपरेटर गेले. मुलगा त्यांचा फोटो मोठा करून घ्यायला आला, शेजारी आजीचाही लावू म्हणाला, सिनेमातला. वडील काय म्हणाले होते ते मी त्याला सांगितलं. बाईंनी पाठवलेला तेवढा तुकडा माझ्याकडे होता, तो त्याच्या मोबाईलवर टाकून दिला. तो बापाच्या जागेवर बाकावर बसला आणि पुन्हा पुन्हा लावून बघत राहिला. आजी पायऱ्या उतरत होती, पदर तोंडाला लावत होती, हसत होती.