अर्ध्यावर मिटलेली पोथी

मी हट्टी बाई आहे, आधीच सांगते. आमच्या ह्यांना फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर निघाला तेव्हा रडायच्या आधी मी देवावर रागावले. सातिवलीच्या एका कारखान्यात ह्यांनी वर्षानुवर्षं पाइपांवरचं जुनं अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर सोललं, त्याचीच धूळ बाधली म्हणे. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून केमो सुरू झाली. दोन केमोतच माणूस निम्मा झाला, तशी मी धास्तावले आणि सात दिवसांच्या पारायणाचा संकल्प सोडला. आचोळ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्येच, देवघरासमोर.

इथवर ठीक होतं. पण या सात दिवसांत ह्यांच्या पोटात तीर्थ-अंगाऱ्याखेरीज दुसरं औषध जाणार नाही, असंही मी देवापुढे बोलून बसले. डॉक्टरांनी रोज एक छोटी पिवळी गोळी दिली होती, फॉलिक अ‍ॅसिडची. ताकदीचीच तर गोळी, आठवडाभर नसली तर काय बिघडतं, खरं औषध सलाईनमधून जातं, असं मी धरून चालले. हे हसून म्हणाले, "चला, गोळीलाही सुट्टी." माझ्यावर केवढा तो विश्वास!

पाचव्या दिवशी दुपारी मी वाचत असताना आतून त्यांचं कण्हणं ऐकू आलं. आसनावर बसल्यावर अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, असा नियम. मी आवाज चढवून वाचत राहिले. हो, चढवून. तेवढ्यात दार लोटून फुलवाली मावशी आली. ती एक दिवसाआड यायची, आणि तो तिचा दिवस नव्हता. आदल्या दिवशी तुळस द्यायची राहिली म्हणून आली होती. कण्हणं ऐकून ती आत गेली, ह्यांच्या कपाळाला हात लावला आणि तडक माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अगो बाय, अंग भट्टीसारखं तापलंय त्याचं! माझ्या जावेला पन असाच ताप आलेला. डाक्तर बोल्ले, केमोवाल्याला ताप आला तं वाट नाय बघायची."

मी बोटाने पोथी दाखवली. तशी ती भडकलीच. "पोथी काय पलून जाते? ऊठ!"

मी उठले. तिने आणलेल्या तुळशीचं एक पान खुणेला ठेवलं आणि अर्ध्या अध्यायावर पोथी मिटली. रिक्षात ह्यांना तिनेच धरलं होतं.

हॉस्पिटलात कळलं, पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. लगेच अ‍ॅडमिट केलं, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, "फॉलिक अ‍ॅसिड रोज चालू आहे ना?" 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण देवाच्या नावाने केलेली चूक खोटं बोलून कुठे लपवू? सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, ती गोळी ताकदीसाठी नाही. केमोने अंगातल्या चांगल्या पेशी कमी मराव्यात म्हणून असते. आम्हाला विचारल्याशिवाय ती थांबवायची नाही. ताप आला की लगेच फोन करायचा. कागदावर लिहून दिलं होतं." दिलं होतं खरं. तो कागद मीच फ्रिजला चिकटवला होता आणि त्यावर मीच देवाचं कॅलेंडर लावलं होतं.

आठ दिवसांनी हे घरी आले. मावशीला विचारलं, त्या दिवशी तुळस राहिली कशी? म्हणाली, "काय म्हाईत बाय, कदी इसरत नाय मी." देवावर भार टाकणं म्हणजे आपलंच म्हणणं त्याच्या तोंडी घालणं नव्हे, एवढं मला त्या पाच दिवसांनी शिकवलं. त्याला द्यायचं ते तो डॉक्टरांच्या हातूनही देतो, फुलवालीच्या तोंडूनही सांगतो.

उरलेलं पारायण मी ह्यांच्या खाटेशेजारी बसून पुरं केलं, कण्हणं ऐकू आलं की थांबत थांबत. आता रोज सकाळी हे तीर्थासाठी हात पुढे करतात. मी आधी तळव्यावर पिवळी गोळी ठेवते, मग तीर्थ घालते.

"सुट्टी संपली वाटतं?" हे चिडवतात.

"संपली," मी म्हणते, आणि ते गिळेपर्यंत तिथून हलत नाही.