उरलेले दोन शब्द

हॅलिफॅक्सच्या स्टेशनावर गाडी उशिरा आली तरी लोक फारसे चिडत नसत, कारण ती उशिरा येतेय हे क्लिफर्ड हेग सांगत. मी तेव्हा तिकीट खिडकीवर होते. वरच्या खोलीत माइकसमोर हेग बसायचे. भरदार, स्वच्छ आवाज, कसली घाई नाही. लीड्सची गाडी चुकली म्हणून रडकुंडीला आलेली बाईसुद्धा त्यांचं बोलणं ऐकून डोळे पुसायची आणि चहा प्यायला जायची.

तो आवाज त्यांनी कमावलेला होता. वडील गालिच्यांच्या गिरणीत कामाला. घरची बोली इथली, डोंगरातली. ती वर्गात तोंडून निघाली की मास्तर बोटांवर पट्टी मारायचे. मग हा पोरगा रेडिओसमोर बसून बातम्या देणाऱ्यांसारखं बोलायला शिकला. घरी त्याची वेगळीच शोभा व्हायची. "आला बघा लंडनचा लाटसाहेब," वडील म्हणायचे, "मीठ मागायलासुद्धा भाषण करतोय!"

"मला शब्द फुकट मिळालेले नाहीत, पोरी," हेग मला सांगायचे. "दोन्हीकडून मार खाल्लाय त्यांच्यासाठी."

मग रेल्वेचे तुकडे झाले, वेगवेगळ्या कंपन्या आल्या. आमच्याकडे एक तरुण साहेब आला. त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आजपासून प्रवासी म्हणायचं नाही. ग्राहक म्हणायचं."

"का?" हेगनी विचारलं.

"तशी पद्धत आहे आता. बरं वाटतं लोकांना."

"ग्राहक दुकानात जातो, पिशवी भरून घरी येतो. तो बाकावरचा माणूस आजारी आईला बघायला ब्रॅडफर्डला निघालाय. तो काय विकत घेतोय?"

साहेब हसला. हेग मात्र प्रवासीच म्हणत राहिले. दोनदा समज मिळाली. शेवटी माइकच्या जागी एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज आला आणि हेगना हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसवलं. छत्र्या, हातमोजे, एकदा कुणाची तरी कवळी. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. कधी तक्रार केली नाही, पण कामावर गाणं गुणगुणायची त्यांची सवय होती, ती गेली.

आमची घरं एका भिंतीची. भिंतीपलीकडून त्यांचं टीव्हीशी भांडण ऐकू यायचं. बातमीत कुणी 'प्रवासाला निघालोय' म्हणालं आणि तो माणूस फक्त वजन कमी करत असला, की हेग ओरडायचे. त्यांची बायको एनिड म्हणायची, "क्लिफ, त्याला ऐकू येत नाहीये."

त्यांची मुलगी जिलियन लीड्सला एका मोठ्या ऑफिसात माणसांच्या नेमणुका बघायची. तिथल्या बोलण्याची तऱ्हा तिच्या जिभेवर बसली होती. रविवारी जेवायला आली की ती 'विषयावर संवाद साधू', 'इथून पुढे जाताना' असलं काहीतरी बोलायची आणि बाप काटा खाली ठेवायचा.

"इथून पुढे म्हण. जाताना कशाला? कुठे चाललीयस?"

"भाषा बदलते, बाबा. तुम्हीच नाही का आजोबांची भाषा सोडलीत?"

"सोडली नाही. मारून काढली माझ्यातून. तू तर हौसेने सोडतेयस."

एनिड दोघांच्या मधे बटाटे वाढायची.

एनिडला कर्करोग झाला आणि ती वसंतात गेली. दफनानंतर आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात बसलो होतो. सँडविचला कुणी हात लावला नव्हता. जिलने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, आता आपल्याला क्लोजर मिळायला हवं."

ती बिचारी रात्रंदिवस आईजवळ बसली होती. दुःखाला कुठेतरी शेवट हवा, एवढंच तिला म्हणायचं असेल; दुसरा शब्द सुचला नसेल. पण हेग उठून उभे राहिले.

"क्लोजर? रस्ता बंद होतो, दुकान बंद होतं. तुझी आई काय दुकान होती? आईसाठी तरी स्वतःचा एक शब्द शोधायचास!"

जिलचा चेहरा पांढरा पडला. "मी अशीच बोलते, बाबा," ती म्हणाली. "माझ्याकडे हेच आहे." तिने कोट घेतला आणि गेली.

त्यानंतर नाताळला कार्ड तेवढं यायचं. हेग ते मांडायचे, पण फोन करायचे नाहीत. मी दोनदा म्हटलं, तर म्हणाले, "योग्य शब्द सापडला की करतो."

तो सापडायच्या आधीच पक्षाघाताचा झटका आला. स्वयंपाकघरात पडलेले मलाच दिसले, खिडकीतून. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळं नाही. दोनच शब्द राहिले. 'नो वरीज'. म्हणजे काळजी नको, कॉफी देणारी पोरं म्हणतात तसं. ते कधी त्यांच्या कानातून आत शिरले, देव जाणे. वाचा शिकवणारी बाई म्हणाली, असं होतं. विचार करून बोलायचं ते पुसलं जातं आणि येताजाता फेकायचे शब्द तेवढे तगून राहतात.

मी जिलला कळवलं. ती धावत आली. बापाने तिला पाहिलं, तोंड उघडलं, जीव एकवटला.

"नो वरीज," ते म्हणाले.

जिलला हसू फुटलं. मग तिला त्यांचा चेहरा दिसला. ते धड राहिलेल्या डाव्या हाताने पलंगाचा कठडा बडवत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडली.

पुढे त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथल्या मुलींना ते फार आवडायचे. "किती गोड आजोबा! कसली म्हणून तक्रार नाही." बूट टोचतोय का विचारलं, तर "नो वरीज." टाच सोलून रक्त आलं तेव्हा कळलं. जिल त्या दिवशी तिथे इतकी ओरडली की स्वयंपाकीणही बाहेर आली. मग तिने मोठ्या अक्षरांत लिहून पलंगावर लावलं : 'माझे वडील जे म्हणतात ते त्यांना म्हणायचं नसतं. कृपया चेहरा बघा.'

ती दर रविवारी यायची. मीही जायचे. हळूहळू तिला सूर कळायला लागले. वर जाणारा म्हणजे चहा. तुटलेला म्हणजे खिडकी लावा. ओढत म्हटलं तर एनिडची आठवण. ती तिच्या ऑफिसच्या गोष्टी सांगायची, आपल्याच भाषेत, आणि ते मान डोलवत ऐकायचे.

शरद ऋतूत एकदा बागेत बसलो होतो. हेगनी अचानक तिचं मनगट पकडलं आणि बोलायला लागले. तेच दोन शब्द, पण थांबत, चढवत, उतरवत, पुन्हा मागे जाऊन, जणू एक लांबलचक गोष्ट. कपाळावर घाम आला होता.

"हो बाबा. कळलं मला," जिल म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिने पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी मनगट सोडलं आणि झाडांकडे बघत बसले.

नाताळच्या आधी, झोपेतच, ते गेले.

घर रिकामं करायला जिल आली, तेव्हा माझ्याकडे चहाला थांबली.

"ऑड्री मावशी, त्या दिवशी बागेत ते काय सांगत होते? माफी मागत होते, का अजून रागावतच होते?"

"मला तरी कुठे कळलं, जिल."

"मी 'कळलं' म्हणाले, आणि त्यांना माहीत होतं मला कळलं नाही." तिने कप मोरीत ठेवला, विसळला. बाहेर बर्फ पडायला लागला होता. रस्ता निसरडा व्हायच्या आत तिला लीड्स गाठायचं होतं.