पंखाची सावली

विमान उडताना साऱ्या जगाला दिसतं. ते चालताना पाहायचं असेल तर हैदराबादच्या विमानतळाच्या मागच्या अंगाला जावं लागतं, जिथं प्रवासी कधी जात नाहीत. तिथं विमान स्वतःच्या बळावर हलत नाही. एक ठेंगणा, रुंद ट्रॅक्टर त्याच्या पुढच्या चाकाला लोखंडी दांडा अडकवून त्याला ओढतो, आणि ते एवढं मोठं धूड माणसाच्या चालीनं, मान खाली घातल्यासारखं त्याच्या मागोमाग येतं. ट्रॅक्टरवाल्याला मागचे पंख पुरते दिसत नाहीत. म्हणून दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक माणूस चालतो. त्याच्या हातात दोन नारिंगी दांड्या असतात. पंख कशाला तरी घासेल अशी शंका आली, की त्यानं त्या डोक्यावर नेऊन फुली धरायची. फुली दिसली की सगळं जागच्या जागी थांबतं.

उजव्या पंखाला हणमंतराव चालायचे.

त्यांचे वडील बीदरकडच्या शेतीवाडीतून हैदराबादेत काचीगुड्याला आले आणि स्टेशनामागच्या गल्लीत राहिले. हणमंतराव तिथंच वाढले, तिथंच म्हातारे होत चालले. सकाळी कामगारांची बस चौकात यायची. ते डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचे आणि शमशाबादचा विमानतळ येईपर्यंत डोळे मिटून घ्यायचे. झोप लागत नसे. पुढं दिवसभर चालायचं आहे, तर तेवढा वेळ पायांना आपण आहोत हे विसरू द्यावं, एवढाच हेतू.

उन्हाळ्यात त्या मैदानाच्या सिमेंटची धग बुटातून वर येते. वाऱ्याला जळक्या तेलाचा वास असतो. कान दिवसभर गच्च बांधलेले. अशा जागी माणूस वर्षानुवर्षं एका पंखाच्या टोकाकडं बघत चालतो, आणि संध्याकाळी त्याला आपण कुठं गेलो असं विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं. इथून तिथं गेलो, तिथून इथं आलो. हणमंतरावांना मात्र एका गोष्टीचा अभिमान होता. त्यांच्या बाजूचा पंख आजवर कशालाही लागला नव्हता. साठी पुढच्या वर्षी होती. त्याच पायांवर, त्याच पंखापाशी नोकरी संपावी आणि मग घरी बसावं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

पण दिवाळीच्या सुमारास डाव्या डोळ्यात मोतीबिंदू चढला.

आधी दिव्यांभोवती कडी दिसू लागली. मग दिसायचं सगळं, पण जवळ काय आणि लांब काय हे कळेना. पंखाचं टोक आणि पलीकडचा खांब एकाच कागदावर काढल्यासारखे एकमेकांना चिकटून दिसायचे. घरी तर पहिल्यांदा कपानं चहाडी केली. चहा पिऊन त्यांनी कप टेबलावर ठेवला, आणि तो टेबलाच्या अलीकडं, हवेतच सुटला.

त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, फडकं आणलं. फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "अहो, टेबल अजून तिकडं आहे. का फरशीलाही चहा लागतो आता?"

"हात ओला होता."

"परवा ताट ठेवलं तेव्हाही ओला होता. डॉक्टरला डोळा दाखवा. तारनाक्याच्या दवाखान्यात आपल्या शेजारणीनं ऑपरेशन करून घेतलं, दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडत बसली होती."

"तिला तांदूळच निवडायचे होते," हणमंतराव म्हणाले. "मी डोळा कापला की कंपनी फिटनेसचा कागद मागणार. एकदा पंखावरून काढलं की या वयात परत कोण घेतंय? मग बॅगा उचला म्हणतील."

नवऱ्याची कंबर कशी आहे, हे कुसुमताई रोज रात्री तेल लावताना हातानं बघत होत्या. बॅगांवर टाकलं तर ते आठवडाभर टिकणार नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

तर हणमंतरावांनी एक वाट काढली. त्या कामातल्या माणसालाच सुचावी अशी वाट. एका दुपारी पंखाकडं बघून बघून डोळा पाणावला, म्हणून त्यांनी मान खाली घातली. खाली सिमेंटवरून पंखाची काळी सावली सरकत होती. पुढं खांबाचं बूड होतं. आणि दोहोंच्या मधे उन्हाची एक पट्टी, अगदी पायांशी, स्वच्छ दिसत होती. पट्टी रुंद आहे तोवर भीती नाही. त्या दिवसापासून ते वर बघितल्यासारखं करायचे आणि खाली बघून चालायचे. ऊन कललं की सावली किती खोटं बोलते, कुठल्या बाजूला बोलते, हेही त्यांनी हळूहळू समजून घेतलं. सकाळची एक सावली, दुपारची एक. घरातल्या माणसाचे स्वभाव कळावेत तसे ते त्यांना कळले.

आभाळ आलं की मात्र त्यांच्या पायाखालचं सगळं पुसून जायचं. अशा दिवशी ते सारखे फुली धरायचे. फुली धरली की ट्रॅक्टर थांबतो, सुपरवायझर जीपमधून येतो, पंखाखाली स्वतः उभा राहून अंतर बघतो, आणि त्यानं हात केल्याशिवाय काहीही हलत नाही. रीतच तशी आहे. पण प्रत्येक वेळी अंतर भरपूर निघायचं. मग पोरांनी त्यांचं नाव ठेवलं, ठैरो मामा.

ट्रॅक्टर चालवणारा कुलदीप विद्यानगरचा, घरी मराठी बोलणारा. तो एकदा म्हणाला, "काका, एक विचारू? आभाळ आलं की तुमचं डोकं खराब होतं का? उन्हात तर मस्त चालता."

"गुडघे दुखतात आभाळात," हणमंतराव म्हणाले.

"गुडघ्याचा आणि फुलीचा काय संबंध?"

"तू गाडी बघ."

सुपरवायझर समीर तिशीचा होता, सगळ्यांना अहो-जाहो करणारा, पण त्याच्याही डोक्यावर वरचे बसलेले. आषाढातल्या एका दिवशी दोनदा फुली झाली, तेव्हा त्यानं त्यांना बाजूला घेतलं. "मामा, तुमचा मान ठेवतो म्हणून एकट्यात सांगतो. तुमच्यामुळं विमान लेट झालं की शिव्या मला पडतात. आणखी एक बिनकामाचा थांबा झाला, की मी तुम्हाला पंखावरून काढून बॅगांवर टाकणार. नंतर मला बोल लावू नका."

"नाही लावत," हणमंतराव म्हणाले.

त्यानंतर थोडे दिवस ऊन चांगलं पडलं. आणि मग ती सकाळ आली.

आभाळ राखेसारखं एका रंगाचं होतं. पाऊस नव्हता, वारा नव्हता. मागच्या जागेवरचं एक विमान दुरुस्तीच्या शेडकडं न्यायचं होतं. डाव्या पंखाला यादय्या, उजव्याला हणमंतराव, वर विमानात ब्रेकवर एक जण, पुढं कुलदीप. विमान निघालं. हणमंतरावांनी सवयीनं खाली बघितलं. सिमेंट नुसतं सिमेंट होतं.

ते चालत राहिले. आज थांबवायचं नाही, असं बसमध्येच ठरवून आले होते. वाट रोजची, पंख रोजचा. चाल बिघडू दिली नाही.

वळणाच्या पुढं प्रवासी चढवायच्या शिडीची गाडी उभी होती. रोज ती आखलेल्या चौकोनात असते. आज तिचं तोंड बाहेर आलं होतं. किती बाहेर? हणमंतरावांनी डोळे बारीक केले. शिडीचा कठडा आणि पंखाचं टोक एकमेकांना चिकटले. डोकं एका अंगाला झुकवलं, तरी चिकटलेलेच. जागा असेल, त्यांचं मन म्हणालं. आजवर प्रत्येक वेळी होती. आता फुली धरलीस तर उद्या बॅगा. नाही धरलीस तर कदाचित काहीच होणार नाही. कुलदीप आरशातून त्यांच्याकडंच बघत होता, त्यांच्या भरवशावर. वरचा ब्रेकवाला, पलीकडचा यादय्या, सगळे त्यांच्या एका डोळ्याच्या भरवशावर होते, आणि त्यांपैकी कुणाला ते माहीत नव्हतं.

हणमंतरावांचे हात वर गेले. डोक्यावर फुली झाली.

ट्रॅक्टर थांबला. विमानानं हलकीशी मान हलवली आणि तेही थांबलं.

"मळ्ळी?" पलीकडून यादय्या तेलुगूत ओरडला. "पुन्हा? अरे मामा, कायकू?"

समीर जीप घेऊन आला. उतरला, पंखाखाली उभा राहिला, शिडीकडं बघितलं. मग परत जीपमध्ये बसला आणि ती पंखाचं टोक आणि शिडी यांच्या मधे आणून उभी केली. दार उघडून बाहेर आला.

"बघा मामा. माझी अख्खी जीप बसली इथं. दार उघडायलाही जागा आहे. आता सांगा, कशाला थांबवलं?"

हणमंतरावांनी बघितलं. त्यांना जीप पंखाला आणि शिडीला दोन्हीकडून टेकलेली दिसत होती.

वाऱ्याचा झोत आला म्हणता आलं असतं. शिडी हलल्यासारखी वाटली म्हणता आलं असतं. अशी उत्तरं त्यांनी आजवर पुष्कळ दिली होती. पण खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि त्या सकाळी ती उरली नव्हती.

"मला कळत नाही, समीर," ते म्हणाले. "ही जीप मला पंखाला लागलेली दिसते."

"म्हणजे?"

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. अंतर कळत नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

समीरचा चेहरा उतरला. रागाच्या जागी भीती आली. "दिवाळीपासून? मग इतकी विमानं कशी नेलीत तुम्ही?"

"सावलीवर." त्यांनी दांडीनं खाली सिमेंटकडं दाखवलं. "पंखाची सावली बघून चालत होतो."

समीरनं खाली बघितलं, मग वर आभाळाकडं.

"आज सावली नाही," तो म्हणाला.

"नाही. म्हणूनच थांबवलं."

मग समीरनं हात पुढं केला. हणमंतरावांनी दांड्या त्याच्या हातात दिल्या. देताना एक दांडी हातातून अलीकडंच सुटली. समीरनं ती वाकून उचलली.

"हे मला वर सांगावं लागेल," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही डोळा करून या. कागद पास झाला तर मी तुमच्यासाठी बोलेन. पण तेच काम मिळेल असं वचन देत नाही. माझ्या हातात नाही ते."

"माहीत आहे."

"आधी सांगायचं होतं हो मामा." आवाज एकदम पोरासारखा झाला होता.

"आधी सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

समीर जीप बाजूला घ्यायला गेला. मग परत येऊन तो स्वतः उजव्या पंखाला उभा राहिला. त्या मैदानात एकट्या माणसानं मोकळं फिरायचं नसतं, म्हणून हणमंतरावांना ट्रॅक्टरवर बसायला सांगितलं. ते कुलदीपच्या शेजारी चढले. चढताना पायरी कुठं आहे ते आधी हातानं चाचपलं. हे कुलदीपनं बघितलं, आणि आभाळ आलं की काका का थांबवायचे, ते त्याला कळलं.

"काका," तो म्हणाला, "ही पोरं तुम्हाला हसायची ना, मला नव्हतं कधी हसू येत. मला मागचं दिसत नाही. उगीच थांबवणारा माणूस मागं असला की मी आरामात चालवतो."

"आता समीर आहे मागं. नीट चालव."

"हौ."

विमान पुन्हा निघालं. हणमंतराव मान वळवून मागं बघत होते. शिडी मागं पडली, वळण संपलं. शेड जवळ येताना ढगात कुठंतरी फट पडली आणि ऊन आलं. पंखाची लांब, काळी, ओळखीची सावली सिमेंटवर पसरली. समीर टोकाकडं बघत चालला होता. त्याला ती दिसलीही नाही. त्याला तिची गरज नव्हती.

हणमंतराव मात्र तिच्याकडंच बघत राहिले. ट्रॅक्टरच्या पत्र्यावर त्यांचे बूट आलटून पालटून दाबले जात होते, उजवा, डावा, विमानाच्या चालीनं. ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. कुलदीपनं खाली बघितलं, आणि हळूच म्हणाला, "ठैरो मामा, आता तरी ठैरो."

हणमंतरावांनी पाय थांबवले. मग सीटला पाठ टेकली. कंबर दुखत होती, गुडघे दुखत होते. हे सगळं केव्हापासून दुखतंय याचा हिशोब लावण्याइतकीही उमेद नव्हती. घरी गेल्यावर कुसुमताईंना काय सांगायचं, ते बसमध्ये ठरवू, असं मनाशी म्हणून त्यांनी डोळे मिटले.