अप्पांच्या भज्जीला जागलो

माझ्याच तोंडानं माझा संसार कसा मोडत आणला, ते ऐकायचं हाय का? बसा मग. चहा घेत ऐका, पर मधीच हसू नका.

मी बसवर कंडक्टर. बसवकल्याण-उमरगा. दिवसभर लोकांवर वरडायचं, हेच माझं काम. "पुढं सरका, मुंद होग्री, आगे चलो," असं तिन्ही भाषांत वरडतो. आन असला माणूस घरमालकापुढं गेला की मुका! ह्याला काय म्हणायचं, तुमीच सांगा.

बसवकल्याणात आमची भाड्याची एकच खोली. वर शहाबादी फरशीचं छत, लोखंडी अँगलवर टेकवलेलं. त्यातली एक फरशी बरोबर खाटेच्या वर, आन तिला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. पांघरुणावर रोज भुगा पडायचा. बायको बाळंतपणाला माहेरी गेली, ठाणाकुशनूरला, ती जातानाच बजावून गेली. लेक झाल्यावर तर फोनवर रोज तेच.

"फरशी बदलली का?"

"सांगायलोय की."

"कुणाला? भिंतीला?"

खरं सांगू? घरमालक अप्पांना मी कधी नीट बोललोच न्हवतो. माणूस लई गोड. दिसलं की "जेवलाव का कंडक्टर?" म्हणणार. अशा माणसाकडं तक्रार कशी करावी?

तेवढ्यात येळवस आली, शेतात पूजा करून पंगत बसवायची अमावस्या. अप्पांनी मला शेतात जेवायला बोलावलं. आमच्याकडं येळवसाला शेतात बोलावलं तर न्हाई म्हणत नसतेत. मी ठरवलं, आज पोटभर जेवायचं आन मग बोलायचं. अकलेचं दिवाळं निघालं ते इथंच. बोलून मग जेवायला पायजे होतं.

अप्पांनी सोताच्या हातानं शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढली, आंबील वतली. पंगतीला त्यांचे सोयरे. त्यातल्या एकानं मला इचारलं, "काय अण्णा, आमच्या अप्पाचं घर कसं हाय?"

घास अप्पांचा, तोंड माझं. त्यांच्याच शेतात बसून सोयऱ्यांपुढं त्यांची अब्रू काढू काय? मी म्हणलो, "लई मजबूत. छतावर काय बी ठेवा, हलायचं न्हाई."

अप्पांना असं बरं वाटलं, की आणखी आंबील वतली.

त्याच आठवड्यात ड्युटीवरून आलो, तर वर धाडधाड आवाज. अप्पा पाण्याची काळी टाकी बसवून घ्यायलते. माझ्या खाटेच्या डोक्यावर.

"अप्पा, तिथं नको. फरशीला भेग हाय."

"थट्टा करायलाव व्हय? काय बी ठेवा म्हणून तुमीच म्हणलाव न्हवं? तवाच ठरवलो मी."

तेवढ्यात बायकोचा फोन. "कसला आवाज वो?"

"वर काम चालू हाय." खोटं होतं का त्यात काही?

"लागले का एकदाचे फरशीच्या कामाला! उद्या येते लेकराला घेऊन." ठेवला की फोन.

परत लावून खरं सांगायला पायजे होतं. न्हाई सांगितलं. लेकीचं तोंड बघायची लई ओढ लागलती. वाटलं, खाट जरा दाराकडं वढू. एका खोलीत वढून वढून कुठं वढणार?

दुसऱ्या दिवशी दोघींना स्टँडवरून घेऊन आलो. दार उघडलं. खाट मोडलेली, गादीवर फरशीचे तुकडे, त्यावर फुटकी टाकी, घरभर पाणी. लेकीसाठी सकाळीच दुपटं अंथरून ठेवलतं, ते दगडाखाली. बस जरा लवकर आली असती तर? त्याच्या पुढचा विचार मला आजबी करवत न्हाई.

शेजाऱ्यानं सांगितलं तसे अप्पा शेतातून पळत आले. वर बघितलं, लेकराकडं बघितलं, आन मट्‌कन खालीच बसले. बायको माझ्याकडं बघायलती. आता तरी हा माणूस तोंड उघडंल, म्हणून.

उघडलं की. म्हणलो, "अप्पा, तुमची नवी टाकी गेली की वो. लई वाईट झालं."

बायको लेकराला घेऊन आल्या पावली स्टँडकडं निघाली.