केदारखेड्याची तोफ

तोफेचा विषय निघाला की एक किस्सा सांगून होत नाही तोवर दुसरा आठवतो. ऐकणारे हसतात. मला अलीकडं हसू येत नाही, कारण ज्यांच्यासोबत हे सगळं केलं ते दोघंही आता नाहीत. सखाराम सुतार आणि गफूरचाचा लोहार. मी जालन्यात शाळामास्तर. निजामाच्या राज्यात लोक पत्ते खेळायचे, कबुतरं पाळायचे. आम्हाला एक जुनी तोफ दुरुस्त करायचा नाद लागला.

*

तोफ मिळाली केदारखेड्याला, एका शेताच्या बांधावर. चाकं सडून गेलेली, नळी अर्धी मातीत. शेतकऱ्याची म्हातारी आई तिला दर पोळ्याला कुंकू लावायची.

"न्या बाबांनो," ती म्हणाली. "माझा आजा अशाच तोफेपुढं गेल्ता."

"मंग कुंकू कशाला लावता, आजी?"

"शांत राहावी म्हणून."

*

तोफ माझ्या अंगणात आली. चाकं सखारामनं करायला घेतली, बाभळीच्या लाकडाची. एक चाक झालं आणि त्याची बायको तापानं गेली. आम्ही म्हणलो, काम राहू दे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सखाराम रंधा घेऊन हजर.

"घरी लई शांत वाटून राह्यलं," तो म्हणाला. "इथं रंधा तरी वाजतो."

दुसरं चाक पहिल्याहून सरस झालं. त्याबद्दल त्याला कोणी शाबासकी दिली नाही. देववलीच नाही.

*

नळी घासायला घेतली तर आत चिमणीचं घरटं, पिल्लांसकट. मी काठी आणायला उठलो, तर गफूरचाचांनी हात धरला. पिल्लं उडेपर्यंत काम बंद. गल्लीतली पोरं हसायची.

चाचा म्हणायचे, "मास्तर, हिच्यातून आजवर मौतच बाहेर आली. एक बार जिंदगी बाहेर येऊ द्या."

*

मंग दिवस बिघडले, घरोघर हत्यारांची झडती सुरू झाली. एकदा फौजदार आला. तोफेभोवती फिरला, चाकाला बूट लावून पाहिला.

"यह चलती है?"

"हुजूर, तीन आदमी ढकलें तो बराबर चलती है," चाचा म्हणाले.

फौजदार हसला. पण जाताना हुकूम देऊन गेला, तोंडात शिसं ओतून बंद करा. चाचांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः भट्टी पेटवली, स्वतः ओतलं.

"चार साल घासलेला गळा," ते म्हणाले, "मीच बुजवला." त्या दिवशी जेवले नाहीत.

*

अठ्ठेचाळीस साली हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. पुढच्या दिवसांत कोणी नाव विचारलं की माणूस आधी विचारणाऱ्याचं तोंड पाहायचा. कोण कशाचा सूड कोणावर काढील, नेम नव्हता. गफूरचाचा आठ दिवस माझ्या स्वैपाकघरात लपून होते.

नवव्या दिवशी जवान तोफ जप्त करायला आले. अख्खी गल्ली अंगणात जमली. डावं चाक हलेना. एका जवानानं घण उचलला.

"उसे मत मारो."

चाचा दारात उभे होते. मी अडवायच्या आत ते खाली उतरले, चाकाशी बसले, आसाची खीळ दोन बोटांनी चाचपली, हलकेच ठोकली. चाक सुटलं.

"खड्ड्यातनं हळू न्या," ते म्हणाले.

जवान खूश झाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पावतीवर साक्षीदार पाहिजे होता, म्हणून त्यानं कागद काढून विचारलं, "बाबा, नाम क्या है?"

चाचांनी जमलेल्या लोकांकडं पाहिलं. चाळीसेक माणसं उभी होती. सगळ्यांच्या विळ्या-कुऱ्हाडींना आयुष्यभर त्यांनीच धार लावली होती.

सखाराम पुढं आला. चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझा थोरला भाऊ हाय. रामभाऊ सुतार लिहा."

जवानानं गल्लीकडं पाहिलं. "बराबर है?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बिलकुल बराबर."