तळ्याकाठी वाळत घातलेली दुपटी

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून मी रत्नागिरीहून ओमानला, सहमला गेले, तर तिथे माझ्या हाताला कामच नाही. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं, आणि लेकीला काही सांगायला जावं तर ती आधी मोबाइलला विचारते. "आई, तू बस गो आरामात," हे ऐकून ऐकून आणि बसून बसून माझी कंबर धरली.

येताना मी माझ्या जुन्या सुती साड्यांची तीन दुपटी शिवून आणली होती. आमच्याकडे पाचवीपर्यंत तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत, धुऊन धुऊन मऊ झालेलंच लागतं. लेकीने ती उलगडून बघितली, "छान आहेत हं," म्हणाली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. खालच्या फळीवर मॉलमधली नवीकोरी दुपटी होती, हत्तींची चित्रं असलेली. मला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! नातवंड माझ्या दुपट्यात गुंडाळलं जाणार नसेल तर मी आले कशाला? विमानातला पुलाव खायला?

त्या आठवड्यात पाऊस झाला. इथे पाऊस पडला की लोक गाड्या काढतात आणि पाणी बघायला जातात. डोंगरातलं धरण भरून मोठं तळं झालंय अशी बातमी आली. "आई, शुक्रवारी जाऊ या. तयारी करा, यल्ला, चला!" जावई म्हणाले. मी केली तयारी. दडपे पोहे केले, थर्मास भरला आणि एवढं पाणी आहेच म्हटल्यावर दुपटी साबणाच्या वडीसकट पिशवीत घातली. त्यांना डांबरगोळ्यांचा वास लागला होता, आणि मशीनच्या धुण्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

गाडीतून उतरून तळं बघितलं. चहूकडे काळेकुट्ट डोंगर, औषधाला झाड नाही, आणि मधोमध हे एवढं हिरवंनिळं पाणी! काठाने लोक चटया टाकून बसले होते, कुणाचं मांस भाजणं चाललं होतं, चारदोन मुली छोट्या होडीत बसून खिदळत होत्या. "आई, हा सगळा ज्वालामुखीचा रस," जावई सांगायला लागले. "फार पूर्वी समुद्राच्या तळाशी बाहेर पडला आणि पाण्यात थिजला." खरंच, काठचे दगड उशांसारखे गोल, एकावर एक रचलेले.

"उशा तयार आहेत, दुपट्यांचीच काय ती कमी," मी म्हटलं, आणि ते हसतायत तोवर खाली उतरून एक दुपटं पाण्यात बुडवलंसुद्धा.

साबण काढणार तोच रखवालदार धावत आला. "मामा, ला, ला!" म्हणजे आई, नको, नको. बिचारा ओरडला नाही, छातीवर हात ठेवून विनवत होता. या पाण्यात धुणं चालत नाही, हे जावयांनी मला समजावलं. आमच्या नदीवर अख्खा गाव धुणं धुतो, मला काय ठाऊक?

लेक मात्र लालबुंद झाली. "आई, काय हे! लोक बघतायत. आणि आहेत ना आपल्याकडे दुपटी!"

"आहेत ना? मग गुंडाळ पोराला हत्तींत!" मी म्हणाले.

ओलं दुपटं पिळून मी एका तापल्या दगडावर पसरलं, बाकीची दोन्ही उन्हात टाकली आणि तोंड फिरवून बसले. पण राग तरी किती वेळ धरणार? पोहे झाले, चहा झाला, जावयांनी हात धरून मला घोटाभर पाण्यात नेलं. तळव्यांना काय गार वाटलं म्हणून सांगू! मला फार बरं वाटत होतं.

परत आले तर वारा सुटला होता. लेक दगडाला टेकून बसलेली, आणि खांद्यावर तेच दुपटं. उन्हाने खडखडीत वाळलेलं. त्याचं टोक तिने नाकाशी धरलं होतं.

"आई, ही तुझी मोरपंखी ना गो? शाळेत मला न्यायला यायचीस ती?"

"तीच."

ती एकदम रडायलाच लागली. "मला खूप भीती वाटते गो आई. बाळंतपणाची."

"अगो बाई! मोबाइलला विचारलंस का?"

"गप गो," ती रडता रडता हसली आणि माझ्या कुशीत शिरली. आठव्या महिन्याच्या पोटासकट. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या हाताला काम मिळालं होतं.

पुढे मुलगा झाला. पाचवीपर्यंत त्याला माझीच दुपटी होती, पण दोनच. मोरपंखी लेकीने स्वतःच्या अंगावर घेतलेलं असायचं, दिवसभर.

"अगो, दे की त्याला," मी एकदा म्हटलं.

"त्याला त्याची आई आहे," ती म्हणाली. "हे माझ्या आईचं आहे."